मदत हवी आहे: पीएस३ (प्लेस्टेशन ३, गेम खेळायचं यंत्र) जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडून सीडी ऐकायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

बाबांकडे दीडेकशे सीडी आहेत, निम्म्याहून जास्त नाट्यसंगीत, बाकी ख्याल. त्यांचा सीडी प्लेयर पावसाळ्यात गेला, लेन्स डिस्क वाचतच नाही आणि पार्ट मिळत नाही. माझा पीएस३ स्लिम घरात पडून आहे, तो ऑडिओ सीडी वाजवतो (भाऊ त्याचा पीएस४ देत होता पण पीएस४ वर ऑडिओ सीडी चालतच नाही) म्हणून म्हटलं हाच अ‍ॅम्पला जोडू. अ‍ॅम्प ऐंशीच्या दशकातला, बाबांनी पहिल्या नोकरीत पैसे साठवून घेतलेला, स्पीकर अजून खणखणीत. टीव्हीवर लावून बघितलं पण त्यात तंबोरा नुसता चिरचिर करतो, बाबा पाच मिनिटांत उठून जातात आणि ते मला बघवत नाही.

पीएस३ची लाल-पांढरी-पिवळी एव्ही वायर होती, त्यातल्या लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्पला लावल्या. आधी आवाजच नाही, मग कळलं की साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट एचडीएमआयवर होतं, ते एव्ही मल्टी केलं. आवाज आला पण एकदम फाटलेला, व्हॉल्यूम जरासा वाढवला तरी बेस अंगावर येतो. अ‍ॅम्पला मागे आरसीए सॉकेट (अशा लाल-पांढऱ्या पिना बसतात ते) फक्त फोनोचं आहे, टेप आणि ऑक्सला ती जुनी पाच पिनांची गोल डिन सॉकेटं आहेत. शिवाय मागे सतत घूंऽऽ असा आवाज येतो, आणि गंमत म्हणजे पीएस३ची टीव्हीला जाणारी एचडीएमआय वायर काढली की तो बंद होतो. पण वायर काढली तर स्क्रीनवर गाणं निवडणार कसं?

पीएस३ला मागे ऑप्टिकलचं पण भोक आहे. डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी डबी) घ्यावा का की वायरवरच भागेल? अ‍ॅम्प बदलायचा नाहीये, प्लीज ते सुचवू नका.

प्रतिसाद १

फोनोमधून आधी काढा. ते रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं, सुईकडून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो म्हणून अ‍ॅम्प तो कितीतरी पट वाढवतो, वर बेस उचलतो आणि ट्रेबल दाबतो, कारण रेकॉर्ड कापताना त्याच्या उलटं केलेलं असतं. तिथे पीएस३चा तयार सिग्नल दिला की फाटणारच. डिन टू आरसीए वायर घ्या आणि ऑक्सला लावा. घेताना एक बघा, टेपच्या सॉकेटमध्ये ३ आणि ५ नंबरच्या पिना आवाज आत घेतात, १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी बाहेर देतात, २ ग्राउंड. काही वायरींना चार आरसीए पिना असतात, त्यातली चुकीची जोडी लावली तर काहीच ऐकू येणार नाही, घाबरू नका, दुसरी लावून बघा.

प्रतिसाद २

घूं आवाज ग्राउंड लूपचा आहे, म्हणजे वायरींमधून उपकरणांची ग्राउंड एकमेकांना जोडली जाऊन वर्तुळ तयार होतं आणि त्यातून घरघर येते. टीव्हीला डिश किंवा केबलची वायर असेल तर ती टीव्हीतून काढून बघा, तेवढ्यानेच गेला तर एचडीएमआय राहू दे. नाहीतर ऑप्टिकल घ्या, त्यातून नुसता प्रकाश जातो, तांब्याची तार नाही, म्हणून लूप त्या वाटेने अ‍ॅम्पपर्यंत येत नाही. साधा छोटा डॅक पुरे. फक्त पीएस३मध्ये ऑप्टिकल निवडल्यावर लिनिअर पीसीएम २ चॅनेलच (साधा स्टिरिओ) ठेवा, डॉल्बी आणि डीटीएस या सराउंड फॉरमॅटची टिक काढा, साधा डॅक ते वाचत नाही. म्युझिक सेटिंग्जमध्ये फ्रिक्वेन्सी ४४.१ वाली करा, सीडी ४४.१ किलोहर्ट्झचीच असते, उगाच ४८ मध्ये बदलायला नको.

धागाकर्ता

दोघांचे खूप खूप आभार! डिशची वायर काढली आणि घूं गेला, म्हणजे तेच होतं. डिनची वायर इथे दुकानात नाही मिळाली, मागवली आहे, तोपर्यंत फोनोला काही लावत नाही. आधी वायरवर ऐकतो, मग डॅकचं बघू. आता एकच राहिलं, बाबांना कंट्रोलर हातात धरवत नाही, बोटं आखडतात. पीएस३चा ब्लूटूथ रिमोट जुना कोणी वापरलाय का, मोठी बटणं असलेला? टीव्ही बंद ठेवून त्यांना नुसतं पुढचं गाणं लावता आलं तरी खूप झालं.