मदत हवी आहे: गणपतीत घालायला कोडी सुचवा

गणपतीत गावी आम्ही २३-२४ माणसं जमतो, वय वर्षं ६ ते ८०. आरती-जेवणं आटोपली की जो तो मोबाईल घेऊन कोपऱ्यात. म्हणून यंदाही जुनी कोडी घालायची ठरलीत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

गेल्या वर्षी 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' म्हटलं, दात नि जीभ लगेच ओळखली. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया'लाही चांदण्या आणि चंद्र पटकन आले. पण 'तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई'ला पोरं गप्प! गॅस बघत वाढलेल्यांना तीन दगडांची चूल कुठून सुचणार? शेवटी आजीनं अंगणात दगड मांडून वर तवा ठेवला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

तर अशीच, उत्तर हातात धरून दाखवता येईल अशी कोडी हवीत. मालवणी नाहीतर गोव्याकडची हुमाणं (म्हणजे तिकडची कोडीच) असतील तर फारच छान. बायकोवरचे विनोद मात्र नकोत. मागच्या खेपेला काकांनी ओळीनं तीन सांगितले, काकू उठून भांडी घासायला गेली आणि खेळ तिथेच मोडला.

उत्तरही सोबत लिहा हं, नाहीतर मीच अडकायचो!