६७ ची मस्टँग: सहा सिलिंडर काढून व्ही-एट टाकायचाय, सुरुवात कुठून करू?

मुक्काम_एडिसन
नमस्कार मंडळी, लांबण लावतोय, चहा घेऊनच बसा. गेल्या ऑक्टोबरात १९६७ ची मस्टँग हार्डटॉप घेतली, पेनसिल्व्हेनियातल्या एका आजोबांकडून. बायको म्हणाली दारात दोन गाड्या उभ्या आहेत ना, मी म्हटलं ही गाडी नाही छंद आहे, त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. चॅसीचा नंबर ७टी०१टी ने सुरू होतो. ७ म्हणजे साल. पहिला टी म्हणजे मेटचेन प्लांट, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या एडिसनातलाच रूट वनवरचा फोर्डचा कारखाना हो, २००४ मध्ये बंद पडला, आता तिथे दुकानं झालीत आणि आम्ही तिथे वाणसामान आणायला जातो. थोडक्यात बाईसाहेब माहेरपणाला आल्यात.

दुसरा टी मात्र दुखतोय. तो म्हणजे २०० क्युबिक इंचाचा सरळ सहा सिलिंडर, कागदावर १२० हॉर्सपॉवर, त्यात ऑटोमॅटिक. पार्कवेच्या रॅम्पवरून हायवेला लागताना अक्षरशः पुढे वाकून बसतो मी, जसं काही त्याने वेग वाढणार आहे. तर व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरवाला, टाकायचाय. डोक्यात तीन पर्याय आहेत, १) ८७ ते ९३ च्या मस्टँगमधला ५.० लिटर, २) नवा कोयोटी, म्हणजे फोर्डचाच २०११ पासूनचा ५.० लिटर, सुरुवातीलाच ४१२ हॉर्सपॉवर होता तो, ३) त्या काळातला खरा ३९० क्युबिक इंचाचा बिग ब्लॉक (मोठ्या अंगाचा व्ही-एट). हाताशी शनिवार-रविवार, एक इंजिन उचलायची घोडी, आणि पंधरा वर्षांचा मुलगा (फोन खाली ठेवला तर). जुने बोल्ट काढले नवे लावले इतकं सोपं असतं का हे?

तेलकट_हात (मिशिगन)
आधी गॅरेजात जा आणि चाकाचे नट मोजून या. चार की पाच? मग बोलू.

बे_एरिया_काका
पहिली गोष्ट, मस्टँग ही मसल कार (मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन) नव्हे, पोनी कार (लहान, स्पोर्टी). आता भांडा.

दुसरी गोष्ट, राहू द्या हो तो सहा सिलिंडर. सात मेन बेअरिंगचं इंजिन आहे, मरत नाही. ओढत नाही हे मान्य, त्याचं कारण इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारी नळी) हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, ओतलेलं आहे, वेगळं काढताच येत नाही, त्यामुळे मोठा कार्बोरेटर लावून फार काही साधत नाही. पण ज्या कारखान्यातून जसं निघालं तसं ठेवण्यात एक मजा असते. आज जो तो इंजिन उपटतोय, उद्या शो मध्ये एक मूळ सहा सिलिंडर दिसली तर लोक तिच्याभोवतीच गोळा होतील.

ह्यूस्टनकर
काका, मसल कारचा जन्मच मुळी इंजिन बदलण्यातून झालाय. १९६४ ला पाँटियॅकवाल्यांनी मोठ्या गाडीतलं ३८९ इंजिन उचलून टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत बसवलं, ती जीटीओ. वर कंपनीचाच नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही, म्हणून मग ऑप्शन म्हणून गुपचूप घुसवलं. फोर्डचंही तेच, र्‍होड आयलंडच्या टास्का फोर्ड नावाच्या डीलरने ६७ च्या ३९० वाल्या मस्टँगमध्ये ४२८ बसवून दाखवलं आणि त्याचाच पुढे १९६८ चा कोब्रा जेट झाला. कागदावर ३३५ हॉर्सपॉवर, कागदावरच, खरे त्याहून जास्त. तेव्हा मूळ-बीळ जाऊ द्या.

बाकी एडिसनकर, कोयोटीचा नाद या गाडीत करू नका, मी केलाय. चार कॅमशाफ्टचं इंजिन, हेडं अशी रुंद की तुमच्या दोन्ही बाजूच्या शॉक टॉवरमध्ये मावतच नाही. या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते म्हणून ते टॉवर आहेत, ते कापायचे म्हणजे अख्खं पुढचं सस्पेन्शन नवं, रॅक स्टिअरिंग नवं, आणि कापलेल्या जागी वेल्डिंग करणारा माणूस चांगला पाहिजे. मी इंजिन विकत घेतलं तेव्हा वाटलं निम्मं काम झालं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मधे दोन दिवाळ्या गेल्या होत्या.

मुक्काम_एडिसन
@तेलकट_हात चार आहेत. का??

तेलकट_हात (मिशिगन)
वाटलंच. फोर्डने त्या काळी सहा सिलिंडरला चार नटांची चाकं दिली आणि व्ही-एटला पाच. नट हे फक्त लक्षण आहे, रोग खाली आहे. तुमच्या गाडीला पुढे ९ इंचाचे ड्रम ब्रेक आहेत, व्ही-एटला १० इंचाचे होते. मागचं डिफ्रन्शियल ७.२५ इंची, व्ही-एटला ८ इंची. स्पिंडल वेगळे, स्टिअरिंगच्या टायरॉडपासून सेंटर लिंकपर्यंत सगळं बारीक अंगाचं. रेडिएटर, इंजिन माउंट, बेलहाउसिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, पुढच्या स्प्रिंगा, यातलं काहीही जसंच्या तसं बसत नाही. म्हणजे इंजिन टाकायचंय असं म्हणू नका, व्ही-एटची गाडी बनवायचीय असं म्हणा, मग खर्चाचा अंदाज चुकणार नाही.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे ६७ पासून दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आला, आधीच्या सालात एकच असायचा, एक नळी फुटली की चारही चाकं गेली.

वजनाचं बघा. तुमचा सहा सिलिंडर ३८५ पौंडांच्या आसपास, छोटा व्ही-एट ४६० च्या. चालतं. ३९० मात्र ६५० च्या वर. ६७ ला फोर्डने इंजिनाची जागा रुंद केली ती त्याच्यासाठीच, त्यामुळे बसतं व्यवस्थित, पण गाडीचं नाक जड होतं आणि वळणावर गाडी सरळच जाते. सिग्नल सुटला की सरळ रस्त्यावर सुसाट सुटायचं असेल तर घ्या.

म्हणून माझं मत ५.० लिटर. आणि एक गंमत सांगतो, ६७ च्या चार बॅरलच्या कार्बोरेटरवाल्या २८९ व्ही-एटचे २२५ हॉर्सपॉवर लिहिलेत, ८७ च्या ५.० चेही २२५. लोक म्हणतात मग फरक काय? फरक असा की ६७ चा आकडा ग्रॉस आहे, इंजिन उघडं टेबलावर ठेवून, ना एअर फिल्टर ना गाडीचा सायलेन्सर, तसं मोजलेलं. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले, नेट. तेव्हा दुसरे २२५ हे खरे २२५. तुमचे १२० सुद्धा ग्रॉसच आहेत बरं का, चाकापर्यंत किती पोचतात ते विचारू नका.

सातारी_कंदी
अमेरिकेतलं काही कळत नाही पण नटांवरून आठवलं. आमच्या थोरल्या चुलत्यांनी ॲम्बॅसडरमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं होतं, तेव्हा सगळेच करायचे. मिस्त्रीने दोन दिवसात करून दिलं, अण्णा खूश, ॲव्हरेज दुप्पट. ब्रेक जुनेच, पुढच्या स्प्रिंगा जुन्याच, गाडी पुढून अशी बसली होती की उभी असली तरी उतारावर आहे असं वाटायचं. खंबाटकी उतरताना एकदा ब्रेक तापून पॅडल सरळ फळीला टेकलं. अण्णांनी गिअर पाडत पाडत डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. कुणाला लागलं नाही. काकू खाली उतरली, डबा उघडून बघितला, आमटी सांडली होती, एक शब्द बोलली नाही. त्यानंतर त्या गाडीत बसली पण नाही कधी.

बे_एरिया_काका
बघा. काकूंना कळलं.

मुक्काम_एडिसन
😅 ठीक, ५.० वर येतो. कुठे काय फसतं ते सांगा, तेलकटदादा, तुम्ही केलंय ना?

तेलकट_हात (मिशिगन)
केलंय म्हणजे, एक अख्खा उन्हाळा केलंय. मी फसलो ते सांगतो.

ऑइल पॅन. ८७ च्या गाडीतलं पॅन तुमच्यात बसणार नाही, तुमच्या क्रॉसमेंबरमुळे (इंजिनाखालून जाणारा आडवा दांडा) पुढच्या बाजूला खोल असलेलं पॅन लागतं, आणि त्याच्याबरोबर तेल ओढायची नळी पण तीच बदलायची. पंप आणि पॅन आणलं, नळी विसरलो असं करू नका.

पाण्याचा पंप. त्या ५.० ला एकच लांब रुंद पट्टा आहे आणि तो पंप उलटा फिरवतो. तुम्ही जुन्या पद्धतीच्या पुली लावणार असाल तर पंप पण जुना सुलटा लावा, नाहीतर गाडी दहा मिनिटात उकळते आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो.

बॅलन्स, म्हणजे इंजिन थरथरू नये म्हणून फ्लायव्हील आणि पुढच्या बॅलन्सरवर ठेवलेलं जास्तीचं वजन. जुन्या २८९-३०२ ला २८ औंसाचा, नंतरच्या ५.० ला ५० औंसाचा. फ्लायव्हील किंवा पुढचा बॅलन्सर जुन्यातला "चांगला आहे की" म्हणून लावलात तर गाडी थरथर कापेल.

आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम. इथे माझा एक शनिवार गेला. सगळं बसवलं, प्लगच्या वायरी ६७ च्या मॅन्युअलमध्ये बघून लावल्या, १-५-४-२-६-३-७-८, शेजारी बिअर घेऊन बघायला आला होता, चावी फिरवली आणि कार्बोरेटरमधून असा फटाका की शेजाऱ्याची बिअर अंगावर. टायमिंग बघितलं, डिस्ट्रिब्युटर काढून परत घातला, दोनदा, पेट्रोलचा वास सगळ्या गॅरेजभर. संध्याकाळी लक्षात आलं की ५.० एचओ (हाय आउटपुट, हाच तो ८७ चा) च्या कॅमची ऑर्डर वेगळी आहे, १-३-७-२-६-५-४-८. चार वायरींची अदलाबदल केली, अर्ध्या फिरकीत सुरू. आणि हो, त्या रोलर कॅमला डिस्ट्रिब्युटरचा गिअर स्टीलचाच लावायचा, जुना ओतीव लोखंडी लावलात तर तो झिजून त्याचा चुरा तेलात.

स्वस्तात करायचं तर भंगारात ९६ ते २००१ मधली व्ही-एटवाली एक्सप्लोरर शोधा. तोच ५.० ब्लॉक, शिवाय मागचं ८.८ इंची डिफ्रन्शियल डिस्क ब्रेकसकट मिळतं, पाच नट, आणि त्यांचं अंतर जुन्या व्ही-एट मस्टँगचंच. जरा रुंद आहे, एका बाजूची नळी कापून आखूड करावी लागते आणि कमानपाट्यांच्या बैठका नव्या वेल्ड करायच्या. ९७ पासूनच्या हेडवर स्पार्क प्लगचा कोन वेगळा आहे, साधे हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) त्याला आडवे येतात, विकत घेताना विचारून घ्या. आणि पुढे कधी टर्बोचं खूळ डोक्यात आलं तर लक्षात ठेवा, हा ब्लॉक ५०० घोड्यांच्या आसपास मधोमध उभा चिरतो.

क्रम माझ्या मते असा: आधी ब्रेक, स्टिअरिंग, मागचं डिफ्रन्शियल. त्या सहा सिलिंडरवरच पाच नटांची गाडी चालवा महिनाभर. इंजिन शेवटी.

ह्यूस्टनकर
+१. पण त्याच्याही आधी एक. विंडशील्डच्या खाली, बॉनेटच्या मागे ज्या फटी आहेत ना हवा आत घ्यायच्या, त्यात एक बादली पाणी ओता आणि आत पायाशी बघा. या गाड्या तिथे आतून कुजतात, बाहेरून रंग चकचकीत. माझी कुजली होती, मला इंजिन बसवल्यावर कळलं.

मुक्काम_एडिसन
ओतलं आत्ता. मुलगा आत टॉर्च घेऊन बसला होता, मी बाहेरून ओतत होतो, अर्धी बादली झाली असेल तेवढ्यात आतून आवाज, "बाबा, थांब, माझे मोजे!" ड्रायव्हरच्या बाजूला धार लागलीय, थेंब नाही, धार. गालिचा उचलला तर खाली आजोबांनी लायसन्स प्लेट रिव्हेट करून ठेवलीये, पेनसिल्व्हेनिया, १९८४.

तर इंजिन राहू द्या सध्या. सेंट्रल जर्सीत पातळ पत्र्याचं वेल्डिंग नीट करणारा कुणी माहितीय का?