मदत हवी आहे: पार्किन्सन्स झालाय हे ऑफिसमध्ये कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

माझं वय ४३. ठाण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, १४ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला. सहा महिने फ्रोजन शोल्डर समजून फिजिओथेरपी केली, शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान केलं. पन्नाशीच्या आत झाला की त्याला यंग ऑनसेट म्हणतात.

घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. पण परवा अप्रेझलमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा पहिल्यासारखा उत्साह राहिला नाही. मीटिंगमध्ये चेहऱ्यावर काही दिसतच नाही." या आजारात चेहऱ्याची हालचाल कमी होते, आवाजही बारीक होतो. मी सगळं ऐकत असते, आकडे डोक्यात असतात. हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगू शकले, आणि तेच मनाला लागून राहिलंय.

सगळ्यात अवघड आहे ते गोळ्यांचं गणित समजावणं. लेव्होडोपाची गोळी अर्ध्या-पाऊण तासानं लागते, पुढचे दोन-तीन तास हात छान चालतो, मग ती उतरते. सकाळी ११ ला टॅलीत भराभर एन्ट्र्या करणारी मी, दुपारी २ ला व्हाउचरवर सही करताना अडते. पहिलं अक्षर धड येतं, पुढची बारीक होत होत मुंगीएवढी. सोसायटीच्या मेंटेनन्सचा माझा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. बघणाऱ्याला वाटतं, सकाळी तर बरी होती! डाळ-पनीर गोळीच्या आसपास खाल्लं तर माझी गोळी नीट लागत नाही, म्हणून सगळ्यांबरोबर डबा खात नाही. त्याचाही वेगळा अर्थ निघतो. आणि कुणी पाठीशी उभं राहून घाई केली की कंप वाढतोच.

मला हलकं काम नकोय. महत्त्वाच्या मीटिंगा सकाळी, मधे पाच मिनिटं चालायची मुभा आणि सहीऐवजी सिस्टिमवर अप्रूव्हल, एवढं मिळालं तरी मी पूर्वीइतकंच काम करीन.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. पण नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, हे कलम २० चं संरक्षण सरकारी आस्थापनांना आहे. समान संधी धोरण मात्र खाजगी कंपनीनंही करायचं असतं. आमच्याकडे ते कधी पाहिलं नाही. एचआरकडे मागू का?

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढावं का? साहेबांना आधी सांगावं की थेट एचआरला? डॉक्टरांच्या पत्रात काय लिहून घेतलंत? इथे कुणी एचआरमध्ये असाल तर अशा वेळी समोरच्याकडून काय ऐकायला हवं असतं, तेही सांगा.

सोमवारची वेळ मागणार आहे. गोळी लागलेली असताना गेले तर नीट बोलता येईल, पण त्यांना काहीच दिसणार नाही. उतरल्यावर गेले तर दिसेल, पण बोलणं अडेल. तुम्ही कोणती वेळ निवडली असतीत?