मदत हवी आहे : गेम कन्सोलच्या देशवार विक्रीची तुलना

नमस्कार मंडळी, ठाण्यात एम.ए. अर्थशास्त्र करतोय. प्रोजेक्टचा विषय कन्सोलची बाजारनिहाय विक्री. घेताना सोपा वाटला, आता डोक्याला ताप झालाय.

जपानी कंपनी निन्टेन्डोचं बरं आहे, ते जपान, अमेरिका आणि इतर असे आकडे वेगळे देतात. उदा. त्यांचा निन्टेन्डो 64 हा कन्सोल जगभरात 3.29 कोटी, त्यातले अमेरिका खंडात 2.06 कोटी, जपानात जेमतेम 55 लाख. सोनी प्लेस्टेशनचा फक्त जागतिक आकडा देते, आणि मायक्रोसॉफ्टने 2015 पासून एक्सबॉक्सची नगसंख्या सांगणंच बंद केलंय. शिवाय कंपन्या दुकानांकडे रवाना झालेला माल मोजतात, तर जपानातलं फामित्सू हे गेमचं साप्ताहिक प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला. दोन्ही एका तक्त्यात बसवायचे कसे? सर म्हणतात, तळटीप टाक. मला ते पटत नाही.

खरी गोची भारताची. निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल इथे अधिकृतपणे विकायला आलाच नाही, तरी गोखले रोडवरच्या एका दुकानात खोका दिसला: वर जपानी अक्षरं, आत चपट्या दोन पिनांचा चार्जर, सोबत दुकानदाराने दिलेला कन्व्हर्टर. म्हणजे ठाण्यात खपलेला नग जपानच्या खात्यात!

असा माल आणणारं कुणी वाशी-ठाण्यात ओळखीचं आहे का? महिन्याला साधारण किती नग जातात, एवढंच विचारायचंय. नाव कुठेही छापणार नाही. आणि आकडेवारीवाल्यांनो, तक्त्याचं तेवढं सांगा.