गस्तीच्या झडतीत नाखवा संशयित की सोबती?

नाखवा
परवा पहाटे तीनला बंदराच्या तोंडाशी गस्तीच्या बोटीने आमची होडी थांबवली. थांबवल्याची तक्रार नाही. सहापैकी दोन खलाशांची ओळखपत्रं खाऱ्या पाण्याने पुसून गेलेली, फोटोच्या जागी नुसता पांढरा डाग. दोघं नेपाळचे, चार वर्षं माझ्याच होडीवर. त्यांना उकिडवं बसवलं, तोंडावर बॅटरी मारली, शिवीशिवाय प्रश्न नाही. होडीचे कागद दाखवले, होडी चालवणाऱ्या तांडेलाने हमी दिली, तरी दोन तास गेले. जेटीवर आलो तेव्हा लिलाव उरकत आलेला. दहशतवाद रोखायलाच हवा. पण त्या कामात आम्ही सरकारचे कोण?

श्रीवर्धनकर
नाखवाभाऊ, वाईट वाटलं. पण मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या शेखाडीच्या जवळचा आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत तिथे आरडीएक्स उतरलं ते इथलीच माणसं, इथलेच रस्ते वापरून. १२ मार्चला मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. २००८ मध्ये २६/११ च्या हल्ल्यासाठी अतिरेक्यांनी पळवलेली 'कुबेर' पोरबंदरची मासेमारी नौकाच होती, लांबून तुमच्या होडीसारखीच दिसली असणार. अंधारात आपला कोण, परका कोण, कार्डाशिवाय ओळखायचं कसं? उद्या काही घडलं तर 'तपासलं का नाही' म्हणून आपणच ओरडणार.

नाखवा
शेखाडीचं अर्धंच सांगितलंत. त्या मालाला पैसे घेऊन वाट करून देणारे कस्टम्सचे आणि पोलीस खात्याचे लोक टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टात दोषी ठरले. तपासायचा अधिकार तेव्हाही होता, तो विकला गेला. आणि २६/११ ला कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या पोरांना 'कोण तुम्ही?' हे आधी कोळ्यांनीच विचारलं होतं. शिव्या खाल्लेला माणूस पुढच्या वेळी काही दिसलं तरी कळवायला जाईल का?

माजी_सैनिक
दोन्ही बाजू पाहिल्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ असलेली बोट लागली. ती ओमानजवळ इंजिन बंद पडून सोडून दिलेली निघाली, पण नाकाबंदीला उभ्या असलेल्या शिपायाला ते नंतर कळलं. समोरच्या होडीत काय आहे ते बॅटरीवाल्यालाही ठाऊक नसतं, त्याच्याही पोटात गोळा असतो. शिवी मात्र चूकच. काश्मीरमध्ये आम्ही घराची झडती गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन करायचो. संपली की घरच्यांची सही घ्यायचो, काही मोडलं नाही, काही नेलं नाही म्हणून. इथेही तसं व्हावं.

नाखवा
बंदुकीसमोर मागितलेल्या सहीला कोण नाही म्हणेल? पण जाणता माणूस सोबत घ्यायचं पटलं. आमच्या वाडीतली चार पोरं सागर सुरक्षा दलात, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या पथकात आहेत. त्यातला एक जरी गस्तीवर असता तर त्या दोघांना नावाने हाक मारली असती.

श्रीवर्धनकर
आणि तोच फितला तर? ९३ ला फितलेही आपलेच होते. पोरगा घ्या सोबत, पण कार्डाला सूट नको. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावरच असतात, तेव्हा नवीन करून घ्यायची.

नाखवा
गेल्या जूनमध्येच अर्ज दिलाय. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवरच ठेवतो. परवा तीही दाखवली.