गोधडीत ठिगळ असतं का?

मूळ प्रश्न

पॅचवर्कला मराठीत काय म्हणावं? मी ‘ठिगळकाम’ म्हणाले आणि मावशीनं हातातली सुई काढून घेतली.

सोलापूरला मावशीकडं गोधडी शिवायला शिकते आहे. (चादरींच्या गावात येऊन गोधडी शिकतेस होय, हे ऐकून झालंय.) ती म्हणते, “ठिगळ कशाला म्हणतात, ठाऊक आहे का ग? लुगडं विरलं, त्यावर वरून डकवलं ते ठिगळ. विरलेलं कापून टाकलं, धड भाग ठेवला, तो तुकडा. गोधडीत तुकडे बसतात.”

म्हणजे ठिगळाला आधी भोक लागतं. ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार’ या म्हणीतही आधी फाटणं आहेच. पण मग तुकडे जोडण्याच्या कामाला शब्द कोणता?

प्रतिसाद १

मावशी बरोबर. पण जुनी गोधडीच फाटली आणि त्यावर कापड लावलं, तर ते ठिगळच. आमच्या एका गोधडीला इतकी ठिगळं आहेत की मूळचे तुकडे शोधावे लागतात.

प्रतिसाद २

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलतो. आम्ही ‘बोंत’ म्हणतो. मराठी शेजारणीला ‘बोंत वाळत घातलीय’ म्हटलं तर तिला कळतं, पण ती स्वतः गोधडीच म्हणते.

प्रतिसाद ३

अक्कलकोटकडं कानडी घरांत ‘कौदी’. आणखी दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे बसवत, टाके घालत मध्याकडं येतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला ‘फूल’ म्हणतात. कोपऱ्याच्या तुकड्यालासुद्धा वेगळं नाव! आपल्याकडं असं काही आहे का?

प्रतिसाद ४

वाकळ राहिली की. आमच्या घरी वाकळ म्हणजे जाडजूड, अंथरायची, गोधडी पांघरायची. बायकोच्या माहेरी नेमकं उलटं, त्यामुळं लग्नानंतर पहिल्या थंडीत चुकीची वस्तू मिळाली. बाळाचं ते दुपटं, दोन पटांचं. चौघडी चार घड्यांची. म्हणजे ही नावं थरांवरून पडली, तुकड्यांवरून नव्हे.

प्रतिसाद ५

संस्कृतात ‘कन्था’ आहे. त्यावरून ‘कंथाकाम’ का म्हणू नये? किंवा ‘खंडसीवन’?

मूळ प्रश्नकर्ती

खंडसीवन मावशीला वाचून दाखवलं. “कुणाचं ऑपरेशन झालं?” म्हणाली.

प्रतिसाद ४ मधला मुद्दा मला पटला. नावं थरांवरून पडली; कामासाठी मात्र मावशीकडं क्रियापदं भरपूर आहेत: तुकडा बसवायचा, अस्तर ताणायचं, धावदोरा घालायचा, चुकलं की उसवायचं. सुईच्या भोकाला ती ‘नेढं’ म्हणते. मला तो शब्द फक्त राजगडावरच्या कड्यातल्या आरपार भोकामुळं माहीत होता. सुईचं नेढं आधीचं असणार, हे डोक्यातच आलं नव्हतं. एवढे शब्द आहेत, पण सगळ्या कामाला मिळून नाम नाही.

काल तिनं उरलेल्या खणांची उशी शिवली. तिला काय म्हणायचं विचारलं, तर “तुकड्यांची उशी” म्हणाली, इतक्या सहज की मी प्रश्न विचारला याचंच तिला नवल वाटलं. तेच विशेषण पुढं चालेल असं वाटतं: तुकड्यांची पिशवी, तुकड्यांचा पडदा. कामाचं नाव हवं असेल त्यांनी ‘तुकडेकाम’ करून बघावं. मला ते ओढूनताणून वाटतं, पण ठिगळकामापेक्षा खरं आहे.

कोपऱ्याच्या तुकड्याचं विचारलं. आपल्याकडं नाव नाही, म्हणाली. मग थोडा वेळ कोपरा हातात धरून बसली आणि तिथं इरकलीच्या काठाचा एक तुकडा दुमडून बसवला. त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.