पित्ताची पिशवी काढून ६ वर्षं झाली, आता परत खडा?

प्रश्न:
आईची पित्ताची पिशवी ६ वर्षांपूर्वी काढली, तेव्हा काहीतरी गुंतागुंत होऊन लगेच दुसरं मोठं ऑपरेशन पण झालेलं. आता दोन महिने झाले उजव्या बरगडीखाली दुखतंय आणि परवापासून डोळे पिवळे, लघवी एकदम गडद. बिलिरुबिन ४.२ आलंय. सोनोग्राफीत लिव्हरमधल्या नळ्या फुगल्यात पण खडा दिसत नाही म्हणे, तरी डॉक्टर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करा म्हणतात. पिशवीच नाही तर खडा येणार कुठून?

प्रतिसाद १:
पिशवी फक्त साठवायला असते हो, पित्त लिव्हरमध्येच बनतं आणि नळीतूनच खाली येतं, त्यामुळे खडा तेव्हाच नळीत राहून गेलेला असू शकतो नाहीतर नवीन पण बनतो. सोनोग्राफीच्या भरवशावर राहू नका, नळीचा खालचा भाग आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाही. माझ्या वडिलांची सोनोग्राफी दोनदा क्लीन आली आणि एमआरसीपीत ८ मिमीचा खडा निघाला! मग ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापून बलूनने खडा ओढून काढला.

प्रतिसाद २:
एमआरसीपी कराच, पण आधी सांगा ते दुसरं ऑपरेशन नेमकं कसलं होतं? नळीला इजा झाली म्हणून ती आतड्याला जोडली असेल तर नेहमीची ईआरसीपीची दुर्बीण बहुतेक वेळा तिथवर पोचतच नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा.

प्रश्नकर्ता:
सापडलं, घडीवर फाटलंय पण वाचता येतंय. 'रू-एन-वाय हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी' लिहिलंय. आम्ही हे आत्ताच्या डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं. आणि तासाभरापूर्वी आईला हुडहुडी भरून ताप आलाय.

प्रतिसाद २:
म्हणजे पित्ताची नळी आतड्यालाच जोडलीय. मग सकाळची वाट बघू नका, आत्ता ॲडमिट करा. कावीळ, दुखणं आणि थंडी वाजून ताप म्हणजे तुंबलेल्या पित्तात इन्फेक्शन झालेलं असू शकतं, ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. अँटिबायोटिक लगेच लागतील, आणि पित्त तुंबलं असेल तर त्याला वाट करून द्यावी लागेल. अशा केसमध्ये बरेचदा बरगडीखालून किंवा बरगड्यांमधून लिव्हरमध्ये सुई घालून ट्यूब टाकतात, पुढे त्याच वाटेने खडे फोडून आतड्यात ढकलता येतात, काही ठिकाणी लांब एन्टेरोस्कोपने, म्हणजे आतड्यात खोलवर जाणाऱ्या दुर्बिणीने पण जमतं. आतड्याचा जोड आकसलाय का हे नक्की विचारा, तो बलूनने रुंद केला नाही तर नुसते खडे काढून परत होतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.

प्रश्नकर्ता:
ॲडमिट केलंय, अँटिबायोटिक सुरू झालं. कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर लावलंय, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पहिलं तेच वाचलं.